जागेवरचा माणूस
(प्रस्तावना)

क्रिकेटच्या स्कोअरबुकात प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असतं. फलंदाजाच्या धावा, गोलंदाजाचे बळी, यष्टिरक्षकाचे झेल. सामना न पाहिलेला माणूसही दुसऱ्या दिवशी पेपर उघडून कोण चांगलं खेळलं ते सांगू शकतो. फुटबॉलच्या निकालात गोल करणाऱ्यांची नावं आणि मिनिटं छापून येतात, बाकी काही नाही. बावीस जण दीड तास धावले, त्यातल्या दोघातिघांची नावं कागदावर उरली. इतरांनी काय केलं ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक, आणि पाहणाऱ्याचे डोळेही बहुतेक वेळ चेंडूवरच असतात. हे पुस्तक त्या इतरांसाठी लिहिलं आहे. गोलकीपरपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत प्रत्येक जागेवर सर्वांत चांगलं कोण खेळलं आणि ते ठरवायचं कशावरून, हा त्याचा विषय. त्यातला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. विश्वचषकाच्या महिन्यात कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत खेळाडूंचे कटआऊट उभे राहतात. ते मेसीचे असतात, नेमारचे असतात, रोनाल्डोचे असतात. राईट बॅकचा कटआऊट मी कधी पाहिलेला नाही. पण याच पेठांतली माणसं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना बघायला जातात, तेव्हा स्टॉपरने वेळेवर घातलेल्या एका पायावर गॅलरी डोक्यावर घेतात. बॅक वर जाऊन परत आला नाही, तर त्याला नावानिशी हाका मारतात. म्हणजे पारखायची नजर आहे. जगातला सर्वोत्तम निवडायची वेळ आली की तीच नजर पुढच्या तिघांवर जाऊन थांबते. याचा दोष पेठेतल्या माणसाला देता येत नाही, कारण या खेळातलं सगळ्यात मानाचं बक्षीसही हेच करत आलं आहे.

‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने 1956 साली बॅलन डी'ओर सुरू केलं. पहिला मान इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. तो विंगर होता. तेव्हापासून आजपर्यंत पुरुषांमध्ये हे बक्षीस मिळालेला गोलकीपर एकच, 1963 सालचा लेव्ह याशिन. बचावपटू तीन : फ्रान्झ बेकेनबाउर (1972 आणि 1976), मॅथियास सामर (1996) आणि फॅबियो कॅनव्हारो (2006). यातले बेकेनबाउर आणि सामर दोघेही मागून चेंडू घेऊन पुढे चाल करणारे लिबेरो होते. निव्वळ अडवण्याच्या कामासाठी हे बक्षीस कुणाला मिळालं असेल, तर ते कॅनव्हारोलाच. पावलो माल्दिनी 1994 मध्ये तिसरा आला आणि नऊ वर्षांनी, 2003 मध्ये, पुन्हा तिसराच. दोन्ही वेळा त्याच्या पुढचे दोघेही गोल करणारे किंवा गोलाच्या जवळ खेळणारे होते.

याच नियतकालिकाने 2020 च्या डिसेंबरमध्ये सार्वकालिक संघ जाहीर केला. याशिन, काफू, बेकेनबाउर, माल्दिनी, झावी, मथेऊस, मॅराडोना, पेले, मेसी, ब्राझीलचा रोनाल्डो आणि क्रिस्तियानो रोनाल्डो. नावं म्हणून यातल्या एकावरही कुणाचा आक्षेप नसेल. संघ म्हणून पाहिलं की प्रश्न पडतात. बचावाला तीनच माणसं, आणि त्यातला काफू असा की ज्याचं अर्धं आयुष्य समोरच्या गोलच्या बाजूला गेलं. पेले आणि मॅराडोना मधल्या फळीत, कारण पुढे जागा उरली नव्हती. चेंडू गेल्यावर तो परत आणायचं काम या अकरांपैकी कुणाचं, असा प्रश्न एखाद्या प्रशिक्षकाने विचारला, तर मथेऊसशिवाय दुसरं नाव पटकन घेता येत नाही. जागेनुसार निवड करायला बसलेल्या जाणकारांनीही शेवटी अकरा मोठी माणसं निवडली आणि मग त्यांना जागा वाटून दिल्या. मला हे उलट्या बाजूने करायचं होतं. आधी जागा घ्यायची, तिचं काम समजून घ्यायचं आणि मग ते काम कुणी सर्वांत चांगलं केलं ते पाहायचं.

इथे पहिलीच अडचण उभी राहते. जागेचं नाव तेच राहतं आणि काम बदलत जातं. एकेकाळी संघ दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असा उभा राहायचा. आपल्याकडे जुनी माणसं अजून ‘राईट आऊट’, ‘लेफ्ट इन’ म्हणतात ते त्याच मांडणीतून आलं. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. तोवर फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यामध्ये समोरचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोनवर आलं. गोल वाढले, आणि ते रोखायला आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला सेंटर हाफ मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. पूर्वीचा सेंटर हाफ हा सगळ्या संघाचा खेळ चालवणारा माणूस होता. आता त्याने समोरच्या सेंटर फॉरवर्डला चिकटून राहायचं होतं. नाव तेच राहिलं, पण 1920 चा उत्तम सेंटर हाफ आणि 1935 चा उत्तम सेंटर हाफ यांची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांची तुलना करणं झालं.

उलट दिशेनेही हे घडलं. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला 6-3 असं हरवलं. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर 9 नंबर होता, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबाने तो सेंटर फॉरवर्ड. पण तो पुढे थांबेचना. मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि तिथून खेळ सुरू करायचा. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन कोंडीत सापडला. त्याच्यामागे जावं तर बचावाच्या मधोमध भगदाड पडतं, न जावं तर तो मोकळा राहतो. हिदेगकुटीने तीन गोल केले. त्या दिवशी जॉन्स्टन वाईट खेळला, असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते तो त्याला शिकवलेलं काम नीट करत होता, आणि ते काम त्याच दुपारी संपलं. खेळाडूचा न्याय करताना त्या दिवशी त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा होती, हे आधी विचारायला हवं ते याचसाठी.

मग या सगळ्या काळांना, सगळ्या जागांना लावता येईल असं एखादं माप आहे का? मी या पुस्तकात एक धरलं आहे. हा माणूस त्या जागेवर होता म्हणून बाकीच्या दहा जणांना काय करता आलं? गोल, पास, अडवणुका हे सगळं या प्रश्नाच्या आत येतं, पण त्यातली एकही गोष्ट एकट्याने त्याचं उत्तर देत नाही.

हे माप सर्वांत स्वच्छ दिसतं ते क्लॉड मॅकलेलेच्या बाबतीत. 2000 साली तो सेल्टा व्हिगोकडून रेआल माद्रिदला आला. संघात झिदान, फिगो, राऊल आणि पुढे ब्राझीलचा रोनाल्डो. मॅकलेले बचावाच्या पुढे उभा राहायचा, चेंडू काढून घ्यायचा, जवळच्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर जायचा. त्याचे पास आखूड होते, डोक्याने खेळणं बेताचं होतं आणि गोल जवळजवळ नव्हतेच. त्याच्या असण्याचा अर्थ असा, की डावीकडून रॉबर्टो कार्लोस पुढे धावला तर त्याची मागची जागा उघडी पडायची नाही, आणि झिदानने चेंडू गमावला तर त्याला चाळीस मीटर मागे पळावं लागायचं नाही. माद्रिदने 2002 मध्ये युरोपचा करंडक जिंकला, 2003 मध्ये लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहम आला आणि मॅकलेले चेल्सीला गेला. पुढचे तीन हंगाम माद्रिदला ना लीग मिळाली ना युरोपचा करंडक. पहिल्याच हंगामात ते चौथे आले. इकडे चेल्सीने 2004-05 मध्ये पन्नास वर्षांनी लीग जिंकली आणि 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळं होऊ नये, हेही सांगतो. चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक त्या हंगामात अफाट खेळला, समोर जॉन टेरी आणि रिकार्डो कार्व्हाल्हो होते, आणि बाकावर नवे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो होते. माद्रिदच्या घसरणीलाही इतर कारणं होती. माणूस गेला आणि संघ पडला, एवढ्याने त्या माणसाची किंमत सिद्ध होत नाही. पण तो गेल्यावर नेमकं तेच बिघडलं जे तो सांभाळत होता, असं दिसलं, तर मात्र ते मानायला हवं. माद्रिदचं नेमकं तेच बिघडलं. मागच्या मोकळ्या जागा दिसू लागल्या आणि पुढचे तारे मागे धावताना दमू लागले.

पुढे याच जागेला उशिरा का होईना, मान मिळाला. एन्गोलो कांटे 2016 मध्ये लेस्टरबरोबर लीग जिंकला, 2017 मध्ये चेल्सीबरोबर जिंकला आणि 2018 मध्ये फ्रान्सबरोबर विश्वविजेता झाला. 2024 चं बॅलन डी'ओर मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला मिळालं तेव्हा तो कुबड्या घेऊन मंचावर आला होता, कारण सप्टेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. सलग चार लीग जिंकलेली सिटी त्या हंगामात तिसरी आली.

महिलांच्या बॅलन डी'ओरचा इतिहास छोटा आहे, 2018 पासूनचा, पण त्यात एक गोष्ट पुरुषांच्या बक्षिसापेक्षा वेगळी घडली. 2021 ते 2025 अशी सलग पाच बक्षिसं मधल्या फळीतल्या दोघींना मिळाली : दोनदा अलेक्सिया पुतेयास, तीनदा ऐताना बोनमाती. दोघी बार्सिलोनाच्या. पुतेयास गोलही पुष्कळ करते, हे खरं. पण बोनमातीला मिळालेला मान हा खेळ कुठे आणि किती वेगाने जाईल ते ठरवण्याचा मान आहे. मतदारांची नजर बदलू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

बचावपटूकडे येतो. त्याला मोजायला गेलं की आकडे उलटे बोलू लागतात. आता प्रत्येक सामन्यात कोणी किती टॅकल केल्या, किती चेंडू अडवले, किती हवेतल्या झुंजी जिंकल्या याचा हिशेब मिळतो. पण टॅकल करावी लागते, कारण समोरचा माणूस चेंडू घेऊन आपल्यापर्यंत पोचलेला असतो. जो स्टॉपर दोन पावलं आधीच योग्य जागी उभा राहतो, त्याच्या बाजूला पासच येत नाही, आणि न आलेल्या पासची नोंद कुठेच होत नाही. मँचेस्टर युनायटेडने 2001 साली याप स्टाम या डच स्टॉपरला लात्सिओला विकलं. त्याच्या टॅकल कमी झाल्या आहेत, हे आकडेवारीत दिसल्याचा त्या निर्णयात हात होता, असं सायमन कूपर यांनी लिहिलं आहे. निर्णयामागे इतर कारणंही सांगितली गेली. पण अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पुढे स्वतःच ती चूक होती असं मान्य केलं, आणि स्टाम इटलीत वर्षानुवर्षं उत्तम खेळत राहिला.

टीव्हीनेही बचावपटूचं नुकसान केलं आहे. कॅमेरा चेंडूमागे जातो. आपल्याला पडद्यावर मैदानाचा एक तुकडा दिसतो आणि बचावाचं निम्मं काम त्या तुकड्याच्या बाहेर चाललेलं असतं. चेंडू उजव्या बाजूला असताना डाव्या बॅकने आत किती सरकायचं, सोबतच्या स्टॉपरला हाताने कुठे ढकलायचं, ओळ कधी चार पावलं वर न्यायची, हे गॅलरीत बसलेल्यालाच दिसतं. फ्रँको बारेसी एसी मिलानच्या ओळीला हात वर करून पुढे न्यायचा, तेव्हा समोरचे फॉरवर्ड एकदम ऑफसाइड व्हायचे. टीव्हीवर फक्त लाइन्समनचा झेंडा दिसायचा. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की जमेल तेव्हा मैदानावर जाऊन सामना बघा; तो कोल्हापूरचा असो, मडगावचा असो की मुंबईत कूपरेजवरचा. चेंडू सोडून एकाच बॅककडे पंधरा मिनिटं पाहत राहा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो. नंतर सामना वेगळाच दिसायला लागतो.

तरी कधीकधी बचावपटूचं काम सगळ्या जगाला दिसेल असं घडतं. 2006 च्या विश्वचषकात इटलीने सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले. एक आपल्याच झाकार्दोच्या पायाला लागून गेला, दुसरा अंतिम सामन्यातली झिदानची पेनल्टी. म्हणजे चालू खेळात समोरच्या एकाही खेळाडूला त्यांच्यावर गोल करता आला नाही. स्पर्धा चालू असताना अलेस्सांद्रो नेस्ता जखमी होऊन बाहेर पडला, तरी हे झालं. डॉर्टमुंडच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेचं शेवटचं मिनिट चालू होतं, इटली एका गोलने पुढे होती आणि जर्मनीने पेटीत चेंडू टाकला. कर्णधार कॅनव्हारो, जेमतेम पावणेसहा फुटांचा माणूस, उडी मारून तो डोक्याने बाहेर काढतो. चेंडू जर्मनांकडे परत पडणार, तोच तो स्वतः पुढे धावत येऊन दुसऱ्यांदा हिसकावतो. तिथून टोटी, जिलार्दिनो आणि शेवटी देल पिएरोचा गोल. निकालपत्रात देल पिएरोचं नाव आहे. बुफॉन त्या वर्षी बॅलन डी'ओरच्या मतदानात दुसरा आला, आणि कॅनव्हारोच्या पहिल्या क्रमांकावर तेव्हा बरीच टीका झाली. ती टीका मला कधीच पटली नाही. एका महिन्याच्या कामाला एवढा मोठा मान द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे; पण फॉरवर्डला एका महिन्याच्या कामावर हाच मान कितीतरी वेळा दिला गेला, तेव्हा तो कोणी विचारला नव्हता.

गोलकीपरचा न्याय करणं सगळ्यात अवघड, असं मी आता मानतो. त्याची चूक म्हणजे गोल, आणि बाकी दहांपैकी कुणाचीही चूक त्याच्यापर्यंत येऊन थांबते. 2002 च्या विश्वचषकात ऑलिव्हर कानला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. गोलकीपरला हा मान मिळाल्याचं ते एकमेव उदाहरण. पण योकोहामाच्या अंतिम सामन्यात रिव्हाल्डोचा फटका त्याच्या हातून सुटला आणि रोनाल्डोने गोल केला. लोकांना आता तेवढंच आठवतं. त्या जर्मन संघाला अंतिम सामन्यापर्यंत ओढून आणणारा मुख्यतः कानच होता, हे सांगावं लागतं.

याशिनचंही असंच झालं होतं. 1962 च्या चिली विश्वचषकात कोलंबियाने सोव्हिएत संघाशी 4-4 अशी बरोबरी केली, आणि त्यात थेट कॉर्नरवरून झालेला एक गोल होता. याशिन संपला, असं बोललं गेलं. पुढच्या वर्षी, 23 ऑक्टोबर 1963 ला, चौतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो वेम्बलीत इंग्लंडविरुद्ध शेष विश्व संघाकडून पहिला अर्धा डाव खेळला आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ओर मिळालं. पण त्याचं मोठेपण एका सामन्यात मावत नाही. त्या काळचे बहुतेक गोलकीपर गोललाइनवर थांबायचे. तो पेटीतून बाहेर यायचा, क्रॉस हवेतच मुठीने परतवायचा, बचावपटूंना ओरडून जागा दाखवायचा, चेंडू हाताने दूर फेकून लगेच हल्ला सुरू करायचा. त्याच्यामुळे त्याच्या बॅकना पुढे उभं राहता येत होतं.

मग 1992 साली नियम बदलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. एका ओळीच्या या नियमाने त्याचं काम मुळापासून बदललं. आता त्याला पाय हवे होते. 2014 मध्ये पोर्तो आलेग्रेला अल्जीरियाविरुद्ध मॅन्युएल नॉयर पुन्हा पुन्हा पेटीबाहेर धावत येऊन चेंडू काढत होता, तेव्हा जर्मनीला एक जास्तीचा बचावपटू मिळालेला होता. बाकीची ओळ इतकी वर उभी होती, की तो नसता तर ती कापली गेली असती. 2016 मध्ये मँचेस्टर सिटीत आल्याआल्या पेप गार्डिओलांनी जो हार्टला बाजूला केलं, कारण त्यांना पायाने खेळ सुरू करणारा गोलकीपर हवा होता. आलेल्या क्लॉडियो ब्राव्होचे पाय चांगले होते, पण त्याच्याकडून गोल फार झाले. एका वर्षाने एडरसन आला आणि दोन्ही जमलं. हार्ट वाईट गोलकीपर नव्हता. त्या संघाला हव्या असलेल्या कामासाठी तो योग्य माणूस नव्हता, एवढंच. आणि तरीही मूळ काम कुठे गेलेलं नाही. 18 डिसेंबर 2022 ला लुसैलच्या विश्वचषक अंतिम सामन्यात 3-3 अशी बरोबरी असताना, जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय पसरून तो फटका अडवला. त्या रात्री आपल्याकडे चौकाचौकांत मेसीच्या नावाने फटाके फुटले. ते योग्यच होतं. पण तो पाय दोन इंच कमी पडला असता, तर करंडक फ्रान्सला गेला असता.

फॉरवर्डबद्दल मी कमी लिहिणार आहे, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एकच उदाहरण देतो. करीम बेन्झेमाने 2017-18 च्या स्पॅनिश लीगमध्ये 5 गोल केले. त्यानंतर क्रिस्तियानो रोनाल्डो माद्रिद सोडून गेला आणि पुढच्याच हंगामात बेन्झेमाचे 21 झाले, 2021-22 मध्ये 27. तिशी ओलांडल्यावर तो अचानक गोल करायला शिकला नाही. आधीची नऊ वर्षं त्याचं काम दुसऱ्याला गोल करता यावेत म्हणून बचावपटूंना बाजूला ओढून नेण्याचं होतं. 2018 मध्ये फ्रान्सचा सेंटर फॉरवर्ड ऑलिव्हिए जिरू सातही सामने खेळून विश्वविजेता झाला, आणि त्याचा एकही फटका गोलच्या दिशेने गेला नव्हता. आकड्यांनी त्याला शून्य दिलं. एमबापे आणि ग्रीझमान यांना मोकळी जागा कुणी दिली, ते प्रशिक्षक दिदिए देशाँ यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी त्याला काढलं नाही.

भारतीय खेळाडूंना या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलेलं नाही. ते आपापल्या जागेच्या प्रकरणात येतात. जर्नेल सिंग मात्र मला दोन प्रकरणांत घ्यावे लागले. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ते भारताचे स्टॉपर होते. थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला मार बसला, टाके घालावे लागले. अशा माणसाला मागे ठेवून दर मिनिटाला हवेतल्या चेंडूशी झुंजायला लावणं धोक्याचं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभं केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या 2-1 विजयातही एक गोल त्यांचा होता. दुसरा प्रदीपकुमार बॅनर्जींचा. आशियातला एक उत्तम स्टॉपर आशियाई सुवर्णपदकाच्या सामन्यात फॉरवर्ड म्हणून गोल करतो, हे पाहिलं की जागा म्हणजे माणसाला मारलेला शिक्का नव्हे, हे पटतं. स्टॉपर म्हणून फॉरवर्डच्या ज्या धावांचा त्यांना वर्षानुवर्षं त्रास झाला होता, त्याच धावा त्यांनी तिथे केल्या असतील, असा माझा तर्क आहे.

मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या क्लबांकडून खेळलेले नेव्हिल डिसोझा यांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ते आपण अभिमानाने सांगतो. गोव्याच्याच ब्रह्मानंद संखवाळकरांनी गोलमध्ये उभं राहून केलेलं काम मात्र सांगायला आपल्याकडे आकडा नाही, म्हणून ते हळूहळू विसरलं जातं. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपो संघाने 2005 ते 2012 या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. रँटी मार्टिन्सचे गोल सगळ्यांना आठवतात. मागे महेश गवळी आणि समीर नाईक उभे असायचे, हे गोव्याबाहेर किती जणांना आठवतं? या दोघांवर लिहिताना मला सर्वांत जास्त समाधान मिळालं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी नाव घेतलं आहे, टाळलेलं नाही. काही ठिकाणी ते सोपं होतं. राईट बॅकला ते फार अवघड गेलं. ब्राझीलचा डजाल्मा सँटोस 1958 च्या विश्वचषकात एकच सामना खेळला, तोही अंतिम, आणि स्वीडनच्या स्कोग्लुंडला त्याने असं बांधून ठेवलं, की स्पर्धेतला सर्वोत्तम राईट बॅक म्हणून त्याचीच निवड झाली. काफू सलग तीन विश्वचषकांचे अंतिम सामने खेळला. फिलिप लाम दोन्ही बाजूंना सारखाच चांगला होता, आणि गार्डिओलांनी त्याला मधल्या फळीत नेलं तेव्हा तिथेही तो पहिल्या दर्जाचा ठरला. एका दिवसाची उंची, पंधरा वर्षांचं सातत्य आणि कुठेही उभं केलं तरी संघ सुधारण्याची ताकद, यांतलं काय वर धरायचं? माझ्या मापाने पाहिलं तर काफू. तो पुढे गेला की समोरच्या डाव्या विंगरला हल्ला सोडून मागे पळावं लागायचं, आणि मग ब्राझीलच्या मधल्या फळीवरचा भार आपोआप हलका व्हायचा. हे त्याने दोन दशकांच्या कारकिर्दीत, थकवा दिसू न देता केलं. लामला मी दुसरा ठेवला आहे.

लेफ्ट बॅकला तीन नावं उरली. निल्टन सँटोसने 1958 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध स्वतःच्या अर्ध्या मैदानातून वर जाऊन गोल केला, तेव्हा बॅकने असं पुढे जाणं कुणाच्या कल्पनेत नव्हतं. जिआचिंतो फॅकेट्टीने बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या इंटरकडून लीगमध्ये 59 गोल केले. आणि माल्दिनी, मूळ उजव्या पायाचा, मिलानकडून 902 सामने डावीकडे आणि मग मध्यभागी खेळला. नवी वाट पाडणारे पहिले दोघे आहेत. तरी मी माल्दिनीला वर ठेवलं, आणि त्यामागे 18 मे 1994 ची, युरोपच्या करंडकाच्या अंतिम सामन्याची अथेन्समधली रात्र आहे. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही बंदीमुळे बाहेर होते, समोर रोमारिओ आणि स्टोइच्कोव्ह यांचं बार्सिलोना होतं. माल्दिनीने स्वतःची जागा सोडून मधला बचाव सांभाळला, मिलान 4-0 जिंकलं, आणि गोल करणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं.